जर तुझं, तर माझं

सुनकीच्या घरात दिवा एकच होता, आणि गेल्या फाल्गुनापासून तो तिच्या मायच्या काही कामाचा राहिला नव्हता. मायला दिसत नव्हतं. तिच्या दोन्ही डोळ्यांवर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका पडदा आला होता. उजेड आहे की अंधार, एवढंच तिला त्यातून कळायचं.

सुनकी दहा वर्षांची. दहा वर्षांच्या मुलीनं काय करायचं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. झोके घ्यायचे, भांडायचं, रुसायचं आणि कुणीतरी समजूत काढेपर्यंत रुसून बसायचं. सुनकीला रुसायला सवड नव्हती. ती पाणी भरायची, भात शिजवायची, मायची वेणी घालायची, आणि काठीचं एक टोक आपल्या चिमुकल्या मुठीत धरून तिला नाल्यापर्यंत न्यायची. बाप ती रांगत होती तेव्हाच तापानं गेला होता. घरात या दोघीच, आणि दोघींमध्ये एक गोष्ट जी सुनकी कुणालाच सांगत नव्हती.

ती गोष्ट मी तुम्हाला सांगतो. त्याआधी मोहाची झाडं बघा.

गावाला खेटून जंगल होतं, आणि जंगलाच्या कडेला मोहाची झाडं. फाल्गुन आला की पहाटे पहाटे मोहाची फुलं गळतात. इवलीइवली, गोलगोल, लोण्याच्या रंगाची, रसानं टचटचीत भरलेली. टप, टप, टप असा आवाज येतो आणि सगळं रान गोड वासानं घमघमतं. ती फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, बाजाराला न्यायची. त्यावरच गावातल्या निम्म्या चुली पेटत.

आता झाडाखाली असतो पाचोळा. फुलं त्यात पडली की सापडत नाहीत. म्हणून काही लोक सोपं काम करतात, पाचोळ्याला काडी लावून देतात. पाचोळा जळतो, जमीन काळीभोर होते, आणि त्यावर फिकट फुलं दुरूनही दिसतात. सुनकीच्या मायनं, जैवंतानं, हे कधी केलं नाही. ती रोज खराट्यानं झाडून काढायची. "झाडाच्या पायाशी आग लावू नाही वं," ती म्हणायची. "त्याले कुठं पळता येते?"

मागच्या फाल्गुनात एका सकाळी मायनं सुनकीला खराटा दिला आणि ती स्वतः पलीकडच्या टेकाडावरची फुलं वेचायला गेली. "तू इथं झाड, इथंच वेच, मी आलीच," असं सांगून गेली. पण त्याच सकाळी शाळेत हेमलताबाई इंग्रजीची वाक्यं विचारणार होत्या, आणि जिला सगळी बरोबर येतील तिला रंगीत खडूंची पेटी मिळणार होती. लाल, निळा, हिरवा, आणि एक तर चक्क गुलाबी. तुम्ही त्या पेटीसाठी काय केलं असतं ते मला माहीत आहे, तेव्हा उगाच साळसूद चेहरा करू नका.

बाईंनी फळ्यावर तीन घरं काढली होती. म्हणाल्या होत्या, "इंग्रजीत 'इफ' आलं की लगेच पुढचं क्रियापद लिहायचं नाही. आधी विचारायचं, दार उघडं आहे का? अजून घडू शकतं, तर हे पहिलं घर. इफ इट रेन्स, वी विल स्टे ॲट होम. पाऊस आला तर आपण घरी राहू. नुसती कल्पना असेल, तर हे दुसरं. इफ आय वेअर अ बर्ड, आय वुड फ्लाय. मी पक्षी असते तर उडाले असते. आणि वेळ निघून गेली असेल, दार लागलं असेल, तर तिसरं. इफ आय हॅड स्टडीड, आय वुड हॅव पास्ड. मी अभ्यास केला असता तर पास झाले असते." तिसऱ्या घराचं दार बाईंनी खडूनं गिरवून गिरवून पांढरं केलं होतं.

सुनकीला तिन्ही घरं पाठ होती. फक्त झाडायला वेळ लागणार होता. मायनं पहाटे झाडापाशी मांडलेल्या चहाच्या चुलीजवळ तिची काडीपेटी पडली होती. चूल विझलेली होती, सुनकीनं वाकून पाहिलंही. तिनं एक काडी ओढली, पाचोळ्याला लावली, एवढासा जाळ बघितला, आणि दप्तर उचलून शाळेकडं पळाली.

मग वारा सुटला.

टेकाडावरून मायनं धूर पाहिला. सुनकी झाडाखाली आहे असं तिला वाटत होतं. ती "सुनके, सुनके" ओरडत सरळ धुरात शिरली आणि तिथं नसलेल्या मुलीला शोधत राहिली, डोळे भाजून निघेपर्यंत. त्याच वेळी सुनकी शाळेत हात बांधून उभी होती आणि खणखणीत आवाजात म्हणत होती, "इफ इट रेन्स, वी विल स्टे ॲट होम."

तर ही ती गोष्ट. माय सगळ्यांना सांगायची, कुणा वाटसरूच्या बिडीची ठिणगी पडली असेल. सुनकी गप्प राहायची. वर्षभर तिच्या मनात एकच अर्धं वाक्य फिरत होतं, मी काडी लावली नसती तर, मी काडी लावली नसती तर. परीक्षेत 'इफ'चा प्रश्न आला तेव्हा तिनं जागा कोरी ठेवली. हेमलताबाईंना काही कळेना.

आणखी एक काळजी होती. दर वर्षी एकदा, फाल्गुनातल्या एका सोमवारी, डोळ्यांच्या डॉक्टरांची गाडी गावाच्या फाट्यावर यायची. नर्सबाईंनी तीनदा घरी येऊन सांगितलं होतं, "उजवा डोळा गेला, पण डाव्याला अजून आशा आहे. हा उन्हाळा असाच गेला तर तीही राहणार नाही." माय दर वेळी मान हलवायची. "राहू द्या बाई. आहे ते बरं आहे." का, ते सांगायची नाही. सोमवार चार दिवसांवर आला होता.

सुनकी रोज पहाटे त्या जळक्या मोहापाशी जायची. झाडाची एक बाजू कोळसा झाली होती, दुसऱ्या बाजूला दोन-तीन फांद्या तग धरून होत्या. ती नाल्यातून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यानं पाणी आणायची आणि झाडाच्या मुळाशी ओतायची. वर्षभर, एक दिवसही न चुकता. झाड काही बोलायचं नाही. त्या दिवशी मात्र पाणी ओतून ती तिथंच बसली आणि रडू लागली, कारण चार दिवसांनंतर रडून काही उपयोग नव्हता.

टप.

एक फूल तिच्या मांडीवर पडलं. लोण्याच्या रंगाचं, मोत्याएवढं, आणि आतून मंद मंद चमकणारं. फुलातून एक इवलीशी परी बाहेर आली. अंगात सोनेरी झिरझिरीत झगा, केसांत दवाचे चिमणे थेंब, पाठीवर पंख दोन. एक पंख चतुराच्या पंखासारखा निळाहिरवा लखलखत होता. दुसरा कडेपासून मध्यापर्यंत काळा पडला होता.

"काहून रडतं वं, बाई?" परीनं विचारलं.

परी शुद्ध पुस्तकी बोलेल असं तुम्हाला वाटलं होतं ना? त्या रानातली परी त्या रानातलंच बोलते.

सुनकीनं त्या पंखाकडं बोट दाखवलं. "तुले पन भाजलं?"

"मी वरच्या फांदीवर होती," परी म्हणाली. "सारं पाह्यलं मी." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुनकीला बरं वाटलं असतं. "तू वर्षभर पानी घातलं, तेही पाह्यलं. म्हणून आली. तीन जर आहेत तुह्याजवळ, माग तुले काय मागायचं ते. पन मी इच्छा अर्धीच देतो. जर तुहं, तर माहं."

सुनकीला दुसरं काही सुचणारच नव्हतं. "मी त्या दिवशी काडी लावली नसती, तर..."

परीनं दोन्ही चिमुकले हात पुढं करून रिकामे दाखवले. "ह्याचं तर माह्याजवळ नाही. कोनाजवळच नाही. ते दार लागलं."

"मंग तू कशाची परी?"

"तू म्हणशीन ते खरं," परी हळूच म्हणाली.

सुनकीनं मान खाली घातली. गवतावर दव चकाकत होतं, लाल, जांभळं, हिरवं, जणू सगळ्या खडूंचा चुरा सांडला होता. तिला बाईंचं दुसरं घर आठवलं. "माह्या मायले दिसत असतं, तर तिनं मले पाह्यलं असतं. एक वर्षापासून तिनं मले नाही पाह्यलं."

परीच्या भुवया वर गेल्या. "हे देता येते. पन जे नाही ते आहे असं मागितलं, तर ते दव सुकेपर्यंतच राह्यते. त्यावर एक घडी नाही. चालन?"

सुनकी उत्तर द्यायलाही थांबली नाही. ती घराकडं धावली. माय अंगणात फुलं पसरत होती. "चल माय, उठ, लवकर चल." मायला काही समजेना. काठी चाचपडायची, ठेच लागायची, पुन्हा उभं राहायचं. सूर्य बांबूच्या बेटावर चढत होता. वाटेतलं गवत एकेक पाऊल कोरडं होत चाललं होतं. त्या पोरीनं कधी कुणाला इतकं ओढलं नसेल.

झाडापाशी पोचल्या तेव्हा खोडाच्या सावलीत ओंजळभर दव उरलं होतं. परीनं त्यातला एक थेंब उचलून मायच्या पापण्यांवर ठेवला, आणि ती पांढुरकी साय विरघळली.

मायनं डोळे उघडले. तिच्यापुढं टेकाडापर्यंतचा उतार होता. जळकी खोडं, काळ्या फांद्या, अर्धवट उभा राहिलेला तिचा मोह. ती पाहत राहिली. सुनकी तिच्या मागं उभी होती, तोंड पुसून, केस मागं सारून, वाट बघत. आता माय वळेल, आता वळेल.

"एवढं जळलं," माय पुटपुटली. "एवढं?" ती खाली बसली आणि तिनं पदर तोंडावर घेतला. "बरं झालं मले दिसत नव्हतं. तेच पाहिजे मले."

शेवटचा थेंब सुकला. माय वळली तेव्हा तिच्या डोळ्यांवर साय परत आली होती. तिनं सुनकीला पाहिलं नाही. मला इथं दुसरं काही लिहिता आलं असतं तर मी लिहिलं असतं.

"काहून असं म्हणतं माय?" सुनकीनं विचारलं.

मायनं काठी चाचपून जवळ ओढली. मग म्हणाली, "आता सांगतोच तुले. बिडी-गिडी काही नव्हती. त्या दिवशी मी चहाची चूल नीट विझवली नव्हती. तिचाच निखारा उडाला. माह्या हातानं रान जळलं, बाई. पाखरांची घरटी जळली. मंग देवानं माहे डोळे घेतले, त्यानं काय चूक केली? त्या डॉक्टरकडं कोन्या तोंडानं जाऊ मी?"

सुनकी गारठून गेली. म्हणजे माय यासाठी जात नव्हती. आणि म्हणजे आता कुणालाही काही सांगायची गरज राहिली नव्हती. मायनं सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. सुनकीनं फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते तर तिला वर्षभर जमलंच होतं. तिनं वर पाहिलं. परी फांदीवर बसली होती आणि मुद्दाम दुसरीकडं बघत होती.

"माय," सुनकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. "चूल विझलेली होती. मी वाकून पाह्यली होती. काडी मी लावली."

मायचा पदर खाली आला.

"मले शाळेत लवकर जायचं होतं. झाडत बसली असती तर उशीर झाला असता. मी काडी लावली आन् पळाली. तू मले शोधत होती, तेव्हा मी तिथं नव्हतीच."

मायचा हात वर गेला. सुनकीनं डोळे मिटले आणि गाल पुढं केला. हात हवेत चाचपडला, गालाला लागला, गाल ओला लागला, आणि तिथंच थांबला.

"एक वर्ष," माय म्हणाली. "एक वर्ष तू हे घेऊन फिरली? आन् मी ते घेऊन फिरली? तू मले आधीच सांगितलं असतं, तर..." पुढचं तिनं गिळून टाकलं. ती रागावली होती. तिचा श्वास जोरात चालला होता. सुनकी मार खायला तयार होती. मायनं विचारलं ते वेगळंच.

"काय शिकवत होते त्या दिवशी शाळेत?"

"इफ."

"मंजे काय?"

"जर."

"म्हणून दाखव."

सुनकीनं नाक पुसलं आणि म्हटलं, "इफ इट रेन्स, वी विल स्टे ॲट होम."

"बरोबर म्हटलं होतं का तवा?"

"हो."

"मंग खडू भेटले?"

"भेटले. त्याच दिवशी नाल्यात टाकून दिले."

तेव्हा माय रडली. एवढी मोठी बाई, लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली, आणि सुनकीला तिनं इतकं घट्ट धरलं की तिच्या खांद्यावरच्या तुंब्याचा बंद तुटला. तळाशी उरलेलं घोटभर पाणी मोहाच्या मुळाशी सांडलं. खूप वेळानं माय म्हणाली, "सोमवारी ती गाडी किती वाजता येते वं?"

सोमवारी पहाटे सुनकी झाडापाशी गेली. परी तिथंच होती, पण फिकट झाली होती, विझत आलेल्या समईसारखी.

"एक जर उरलं आहे माहं," सुनकी म्हणाली. या वेळी तिनं आधी स्वतःला विचारलं होतं, दार उघडं आहे का. मगच तिनं क्रियापद निवडलं. "मी मायले घेऊन गेली, तर तिच्या एका डोळ्याले दिसन. मले नक्की माहीत नाही. पन मी नेऊन रायली."

"दार उघडं असलं का मले लई काम असते," परी म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. "जा. तू तुहं कर."

मग फाट्यावरची गाडी, तालुक्याचा मोठा दवाखाना, औषधाचा वास, लांबच लांब ओसरी. मायच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. सुनकी रोज तिची वेणी घालायची आणि रात्री तिच्या खाटेखाली झोपायची. डॉक्टर कधीच "नक्की" म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "बघू." त्या दिवसांत सुनकी जेवढी घाबरली तेवढी वर्षभरात कधी घाबरली नव्हती.

पट्टी सोडायच्या सकाळी खिडकीतून उन्हाची एक तिरीप आत आली. तिच्यात धूळ तरंगत होती, असं तिथल्या नर्सला वाटलं. सुनकीला मात्र त्या सोनेरी कणांत लोण्याच्या रंगाचा एक कण दिसला. दोन पंख, एक निळाहिरवा, एक अजून काळा. परीनं ओंजळीत काहीतरी जपून आणलं होतं. तिनं ते मायच्या पापणीवर ठेवलं, सुनकीकडं पाहून मान हलवली, आणि मग तो काळा पंख कडेकडेनं उजळत गेला. आधी तांबूस, मग केशरी, मग डोळ्यांना सहन होईना इतका पांढरा. खोली क्षणभर उजेडानं भरून गेली. उजेड ओसरला तेव्हा तिरिपेत फक्त धूळ होती.

मायनं डोळा उघडला. समोर खिडकी होती, खिडकीबाहेर कोवळ्या तांबूस पालवीनं भरलेलं झाड होतं. माय तिकडं बघत बसली नाही. तिनं मान वळवली, मागं उभ्या असलेल्या सुनकीकडं पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"किती वाळली वं तू," माय म्हणाली. "ये इकडं."